विडंबनपट

विडंबनपट : प्रसिद्ध चित्रपटाची किंवा प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेल्या एखाद्या चित्रपटप्रकाराची कथारचना, पात्रे, संवादशैली, दृश्यमांडणी व पार्श्वसंगीत यांचे सहज ओळखू येईल असे अनुकरण करून त्यांतील ठरीव संकेत हास्यास्पद करणाऱ्या चित्रपटास विडंबनपट म्हणतात. विनोदी चित्रपटाचा हा एक उपप्रकार असला, तरी त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचा विषय प्रत्यक्ष जीवन नसून दुसरा चित्रपट हा असतो. त्यामुळे मूळ चित्रपट किंवा तो चित्रपटप्रकार ज्याने पाहिलेला नाही, त्याला विडंबनपटातील निम्मा विनोद कळत नाही. प्रेक्षकाची पूर्वओळख हीच या प्रकाराची पहिली अट होय.

मराठी वाचकास विडंबन हा प्रकार काव्यातून सुपरिचित आहे. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या टोपणनावाने लिहिलेल्या झेंडूची फुले या संग्रहातील विडंबनगीतांनी तत्कालीन कवितेतील लकबींचे हसू केले. विडंबनपटातही हेच तत्त्व आहे. फरक एवढाच, की येथे शब्द व वृत्त यांच्याबरोबर प्रकाशयोजना, कॅमेऱ्याची हालचाल, वेशभूषा, अभिनय, संकलन व संगीत या सर्वांचे अनुकरण करावे लागते. विडंबन हे उपहासाहून वेगळे असते. उपहास समाजातील दोषांवर रोखलेला असतो, तर विडंबन अभिव्यक्तीच्या रीतीवर. अत्रे यांच्याच कथेवरून मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ब्रह्मचारी (१९३८) हा चित्रपट ब्रह्मचर्याच्या बडेजावाची थट्टा करतो. तो उपहासात्मक आहे, परंतु विडंबनपट नव्हे. तसेच पुनर्निर्मिती, उसनवारी व गौरवपूर्वक केलेला उल्लेख यांपासूनही विडंबन वेगळे मानावे लागते. उसनवारी करणारा आपले मूळ लपवितो. विडंबनकार मात्र ते ओळखले जावे म्हणूनच धडपडतो.

तंत्र : विडंबनाची पहिली पायरी म्हणजे निष्ठापूर्वक अनुकरण. मुळाची ओळख पटण्याइतपत साम्य नसेल, तर विनोद घडत नाही. त्यानंतर अनुकरणात जाणूनबुजून एखादी विसंगती घातली जाते. तिचे काही प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) अतिशयोक्ती–मुळातील लकब ताणून असह्य करणे, उदा., नायकाच्या एकाच ठोशाने डझनभर गुंड हवेत उडणे. (२) विपर्यास–पात्रांच्या भूमिका उलट्या करणे. शूर नायकाच्या जागी भित्रा, देखण्याच्या जागी किडकिडीत मनुष्य योजणे. (३) वाच्यार्थ घेणे–अलंकारिक वाक्य शब्दशः खरे मानून तशी कृती घडविणे. (४) परिमाणातील घट–भव्य साधनांच्या जागी क्षुद्र साधने वापरणे, उदा., घोड्यांऐवजी सायकली. (५) स्थलकालाची गल्लत–एका प्रदेशातील वीर दुसऱ्या प्रदेशातील दैनंदिन व्यवहारात आणून सोडणे. (६) संकेतभंग–पडद्यावरील पात्राला आपण चित्रपटात असल्याचे भान असल्याचे दाखविणे, किंवा पार्श्वसंगीत वाजविणारे वादक एकाएकी दृश्यात दिसणे.

या सर्वांत नटाचे गांभीर्य फार महत्त्वाचे ठरते. विडंबनपटातील पात्राने स्वतः हसावयाचे नसते. जे घडत आहे ते त्याच्या दृष्टीने प्राणांतिक असते; ते तसे असते म्हणूनच प्रेक्षकास हसू येते.

पाश्चात्त्य विडंबनपट : चित्रपटाचे विडंबन जवळजवळ चित्रपटाइतकेच जुने आहे. एडविन एस. पोर्टर या अमेरिकन दिग्दर्शकाने द ग्रेट ट्रेन रॉबरी (१९०३) या आपल्या गाजलेल्या दरोडापटाचे स्वतःच द लिटल ट्रेन रॉबरी (१९०५) या नावाने विडंबन केले. त्यात सर्व भूमिका मुलांनी केल्या असून दरोडेखोर तट्टांवर बसून चिमुकली आगगाडी लुटतात. मूकपटांच्या काळात चार्ली चॅप्लिनने कार्मेन या कथेवरील चित्रपटाचे (१९१५), स्टॅन लॉरेलने व्हॅलेंटिनोच्या ब्लड अँड सँडचे मड अँड सँड या नावाने (१९२२), तर बस्टर कीटनने द फ्रोझन नॉर्थ (१९२२) मध्ये विल्यम एस. हार्ट या भावविवश काउबॉय-नायकाचे विडंबन केले. हार्ट त्यामुळे दुखावला गेला होता. कीटनच्या थ्री एजिस (१९२३) या चित्रपटाची तीन कालखंडांची रचना ग्रिफिथच्या इन्टॉलरन्स (१९१६) या महापटाच्या रचनेची थट्टा करणारी आहे.

बोलपटांच्या काळात भयपट, काउबॉयपट व हेरपट हे विडंबनाचे आवडते विषय ठरले. चेकोस्लोव्हाकियातील ओल्डरिच लिप्स्की याच्या लेमोनेड जो (१९६४) या चित्रपटातील पांढऱ्या वेशातील नायक व्हिस्कीऐवजी लिंबूपेय पितो आणि त्या पेयाचा विक्रेता असल्याचे दिसून येते. अमेरिकन वीरकथेच्या मागील व्यापारावर येथे बोट ठेवले आहे. मेल ब्रुक्स या दिग्दर्शकाने १९७४ या एकाच वर्षी दोन महत्त्वाचे विडंबनपट केले. ब्लेझिंग सॅडल्समध्ये काउबॉयपटातील गोऱ्या गावावर कृष्णवर्णीय अधिकारी नेमला जातो; त्या प्रकाराने पिढ्यान्पिढ्या झाकून ठेवलेला वर्णद्वेष त्यामुळे उघडा पडतो. यंग फ्रँकेन्स्टाइन हा कृष्णधवल असून त्यातील प्रयोगशाळेसाठी १९३१ च्या मूळ भयपटातील उपकरणे वापरण्यात आली होती. अनुकरणाची निष्ठा कोठवर जाऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. एअरप्लेन! (१९८०) या विमान-आपत्तिपटाच्या विडंबनाकरिता निर्मात्यांनी झीरो अवर! (१९५७) या गंभीर चित्रपटाचे हक्कच विकत घेतले, आणि गंभीर भूमिकांबद्दल प्रसिद्ध असलेले नट निवडून त्यांच्याकडून अत्यंत मूर्खपणाचे संवाद निर्विकार चेहऱ्याने म्हणवून घेतले. पुढील काळात स्क्रीम (१९९६) सारखे भयपट आपल्या संकेतांविषयी स्वतःच बोलू लागले. त्याचे विडंबन करणारा स्केरी मूव्ही (२००० ) म्हणजे विनोदाचाच विनोद होय. तेव्हापासून या प्रकारात चित्रपटांच्या नुसत्या उल्लेखांची यादी वाढत गेली व रचनेकडे दुर्लक्ष झाले, असे दिसते.

हिंदी व अन्य भारतीय चित्रपट : भारतीय लोकप्रिय चित्रपटात विडंबन हे बहुधा स्वतंत्र चित्रपटाच्या रूपाने न येता एखाद्या प्रसंगाच्या किंवा दुय्यम पात्राच्या रूपाने येते. एकाच चित्रपटात करुण, वीर व हास्य या रसांची सरमिसळ असल्याने गंभीर चित्रपटही आपल्या पोटात विडंबन बाळगून असतो. रमेश सिप्पी यांच्या शोले (१९७५) मधील, असरानी यांनी रंगविलेला तुरुंगाधिकारी हा चॅप्लिनच्या द ग्रेट डिक्टेटर (१९४०) मधील हुकूमशहाची आठवण करून देतो. कुंदन शाह यांच्या जाने भी दो यारो (१९८३) मध्ये मृतदेहाला द्रौपदीचा वेश चढवून रंगमंचावर आणल्याने पौराणिक नाटक व मोगल दरबारी नाटक यांचा जो गोंधळ उडतो, तो विडंबनाचा नमुना मानला जातो. राजकुमार संतोषी यांच्या अंदाज अपना अपना (१९९४) मधील खलपात्र आपण मिस्टर इंडिया (१९८७) मधील मोगँबोचा पुतण्या असल्याचे सांगते. विजू खोटे या मराठी नटाने शोलेत कालिया हा दरोडेखोर साकारला होता. याही चित्रपटात ते एका गुंडाच्या, रॉबर्टच्या, भूमिकेत आहेत. फराह खान यांच्या ओम शांति ओम (२००७) मध्ये १९७० नंतरच्या दशकातील हिंदी चित्रपटाचे विडंबन व गौरव ही दोन्ही एकत्र आढळतात. संपूर्ण लांबीच्या विडंबनपटांत शशांक घोष यांचा क्विक गन मुरुगन (२००९) व सी. एस. अमुदन यांचा तमिळ पडम (२०१०) हे उल्लेखनीय होत. तमिळ पडमने तमिळ नायकपटाच्या जवळजवळ प्रत्येक संकेताची खिल्ली उडविली. त्यावरून तेलुगूत सुडिगाडू (२०१२) हा चित्रपट निघाला. भाषांतर करताना विनोद तसेच न ठेवता तेलुगू चित्रपटांचे संकेत त्यांत घालावे लागले, यावरून विडंबन प्रेक्षकाच्या स्मृतीशी किती घट्ट बांधलेले असते ते कळते.

मराठी परंपरा : मराठी प्रेक्षकाला विडंबनाची सवय तमाशाने लावली. गौळणीतील मावशी व पेंद्या कृष्णकथेतील भक्तिभावाला खट्याळ वळण देतात, तर वगातील सोंगाड्या राजाच्या गंभीर भाषणावर गावरान टिप्पणी करून राजेपणाचा फुगा फोडतो (पहा : तमाशा). पुढे तमाशाप्रधान चित्रपटाचाही एक ठराविक साचा तयार झाला : पाटील, सावकार, नर्तिका, सवाल-जवाब व अखेरचा त्याग. दादा कोंडके यांच्या सोंगाड्या (१९७१) ने या साच्यातील रुबाबदार नायकाची जागा भोळसट, आईच्या धाकातील तरुणाला दिली. हा पूर्णार्थाने विडंबनपट नसला, तरी साच्याचा विपर्यास त्यात आहे. महेश कोठारे यांचा झपाटलेला (१९९३) हा चाइल्ड्स प्ले (१९८८) या अमेरिकन भयपटाची कल्पना घेऊन ती बोलक्या बाहुल्याच्या खेळात व मराठी संसारी विनोदात रुजवितो. उसनवारी व विडंबन यांच्या सीमेवर तो उभा आहे. आदित्य सरपोतदार यांच्या झोंबिवली (२०२२) मध्ये पाश्चात्त्य प्रेतपटाचे कथानक डोंबिवलीच्या वसाहतींत घडते आणि नावातील श्लेषापासूनच विसंगती सुरू होते. चालू चित्रपटांचे विडंबन करण्याचे काम २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ सारख्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी मोठ्या प्रमाणावर केले. मात्र तेथे विडंबन हे बहुधा त्या चित्रपटाच्या जाहिरातीचाच भाग असल्याने त्याची धार मर्यादित राहते. जब्बार पटेल यांचा, पु. ल. देशपांडे यांची पटकथा असलेला एक होता विदूषक (१९९२) हा चित्रपट याच प्रश्नाचा मागोवा घेतो : तमाशातील सोंगाड्या चित्रतारा व पुढे सत्तेचा सोबती बनला, की त्याच्या हसण्याचे काय होते?

सोलापूरसारख्या बहुभाषिक जिल्ह्याचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. कापडगिरण्या, यंत्रमाग व विडी उद्योग यांमुळे वाढलेल्या या शहरात आणि विडी कामगार महिलांची मोठी वसाहत असलेल्या कुंभारीसारख्या लगतच्या गावांत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी व दख्खनी बोलणारे लोक शेजारी राहतात. अशा ठिकाणचा प्रेक्षक दोन-तीन भाषांतील चित्रपटांचे साचे एकाच वेळी जाणतो व त्यांची तुलना आपोआप करतो. विडंबनाला लागणारी नजर त्याच्यापाशी आधीच असते. याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात वाढलेले नागराज मंजुळे यांनी सैराट (२०१६) मध्ये हिंदी प्रेमपटाचे सर्व संकेत–विहिरीतील उडी, संथगतीतील धावणे, भव्य वाद्यवृंद–आधी मनसोक्त वापरले, बुलेटवर नायिका बसविली आणि उत्तरार्धात ते सारे संकेत निर्दयपणे मोडले. सैराट विडंबनपट नाही. परंतु साचा प्रेक्षकास पाठ आहे, हे गृहीत धरून त्याच्यावर उलटविण्याचे विडंबनाचे तंत्र गंभीर हेतूनेही वापरता येते, हे त्यावरून स्पष्ट होते.

मालेगावचे विडंबनपट : महाराष्ट्रातील विडंबनपटाचे सर्वांत स्वतंत्र उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे आढळते. मोसम व गिरणा या नद्यांच्या परिसरातील हे यंत्रमागाचे शहर असून उत्तर हिंदुस्थानातून स्थलांतर करून आलेल्या विणकर कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. शुक्रवारी माग बंद असतात. त्यामुळे चित्रपट पाहण्याचा दिवसही तोच. आठवडाभर मागाच्या खडखडाटात राबणाऱ्या कामगाराला चित्रपट हाच स्वस्त व हक्काचा विरंगुळा होता.

या शहरातील व्हिडिओगृहाचे चालक शेख नासिर यांनी स्थानिक मित्रांना घेऊन मालेगाव के शोले (२०००) हा चित्रपट तयार केला. सुमारे पन्नास हजार रुपयांत, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, स्थानिक बोलीतील संवादांसह तो चित्रित झाला व मालेगावात चांगला चालला. मुळात दरोडेखोर घोड्यांवरून येतात. येथे ते सायकलींवरून येतात. ही योजना गरजेतून निघाली, कारण घोडे परवडत नव्हते. परंतु पडद्यावर तिला वेगळाच अर्थ प्राप्त झाला. कामगार वस्तीतील प्रेक्षकाने कोट्यवधींच्या शोलेला आपल्या रस्त्यावर, आपल्या वाहनावर व आपल्या भाषेत आणून बसविले. गरीब साधनांचे विडंबन दोन दिशांनी काम करते : एकीकडे मूळ चित्रपटाची भव्यता हास्यास्पद होते, तर दुसरीकडे त्या भव्यतेपासून आपण किती दूर आहोत, याचेही दर्शन घडते.

निर्मितीची पद्धती सर्वस्वी स्वावलंबी होती. यंत्रमागावरील कामगार, दुकानदार व अन्य व्यावसायिक कामाच्या वेळा सांभाळून भूमिका करीत. कॅमेरा फिरता ठेवण्यासाठी सायकलीचा, तर उंचावरून चित्रण करण्यासाठी बैलगाडीचा उपयोग केला जाई. स्थानिक स्त्रिया चित्रपटात काम करीत नसल्याने नायिका बाहेरून आणाव्या लागत. अक्रम खान व फरोग जाफरी हे या मंडळींतील लेखक. फरोग जाफरी यांच्यासारख्या लेखकांना मूळ चित्रपटांची नक्कल करण्यापेक्षा स्वतंत्र कथा लिहिण्याची ओढ असावी, हे स्वाभाविकच होते. विडंबनकाराची ही जुनी कोंडी आहे. ज्या मुंबईच्या चित्रपटाची तो थट्टा करतो, त्याच मुंबईत मान मिळावा, ही इच्छाही त्याच्या मनात असते.

नासिर यांच्या मालेगाव का सुपरमॅन या पुढील चित्रपटात शफीक शेख हा यंत्रमाग कामगार नायक झाला. हा अतिमानव किडकिडीत असून मालेगावच्या दूषित हवेने त्याला दमा जडलेला आहे. त्याचा प्रतिस्पर्धी घाणीवर प्रेम करणारा व ती सर्वत्र पसरवू पाहणारा आहे. उड्डाणाच्या दृश्यांसाठी हिरव्या पडद्यासमोर चित्रण करून मागाहून पार्श्वभूमी जोडण्याचे तंत्र या मंडळींनी स्वतःच आत्मसात केले. या चित्रपटात विडंबन आणि उपहास एकत्र येतात. अमेरिकन वीराची थट्टा करता करता शहरातील अस्वच्छता, तंबाखू-गुटख्याचे व्यसन आणि मागावर काम करणाऱ्याचे आरोग्य हे प्रश्न पुढे येतात. शफीक शेख यांचे पुढे कर्करोगाने निधन झाले. त्यामुळे दमेकरी अतिमानवाच्या विनोदाला मागाहून वेदनेची किनार लाभली.

या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी सुपरमेन ऑफ मालेगाव (२००८) हा अनुबोधपट केला. मालेगावचे नाव देशभर घेतले जात होते ते प्रामुख्याने सप्टेंबर २००६ व सप्टेंबर २००८ मधील बाँबस्फोटांमुळे; त्याच काळात या अनुबोधपटाने तेथील माणसे हसताना व हसविताना दाखविली. पुढे रीमा कागती यांनी या मंडळींच्या जीवनावर सुपरबॉइज ऑफ मालेगाव हा कथापट काढला. त्याचा पहिला खेळ २०२४ च्या टोराँटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात झाला व फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. ज्या मुंबईच्या चित्रपटाचे विडंबन मालेगावने केले, त्या मुंबईने मालेगावची कथा गंभीरपणे सांगितली, असे हे वर्तुळ पूर्ण झाले. दरम्यान व्हिडिओगृहे मागे पडली आणि आंतरजालावरील लघुचित्रफितींमुळे मालेगाव व खानदेशातील विनोदी कलावंतांना शहराबाहेरचा विशाल प्रेक्षक मिळाला.

विडंबन व कायदा : विडंबनासाठी मूळ कृतीचा काही भाग वापरावाच लागतो, म्हणून प्रतिमुद्राधिकाराचा प्रश्न उद्भवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका गीताच्या विडंबनासंबंधीच्या खटल्यात, व्यापारी हेतूचे विडंबनही न्याय्य वापर ठरू शकते, असा निर्णय दिला. भारताच्या १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमात विडंबनाचा स्वतंत्र निर्देश नाही. मात्र टीका व परीक्षण यांसाठी केलेल्या न्याय्य वापरास कलम ५२ अन्वये सूट आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तोप्पिल भासी यांच्या प्रसिद्ध राजकीय नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकास या आधारे संरक्षण दिले. मूळ कृतीवर टीका करण्यासाठी तिचा वापर करणे व तिची नक्कल करून लाभ उठविणे यांत न्यायालयाने भेद केला. याउलट, शोलेची नवी आवृत्ती काढल्याबद्दल राम गोपाल वर्मा यांच्या चित्रपटासंबंधीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दहा लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्या चित्रपटाचा हेतू विडंबनाचा नव्हता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न याहून निराळा आहे. ओम शांति ओममधील आपल्या लकबीच्या नकलेस नट मनोजकुमार यांनी आक्षेप घेतला होता व निर्मात्यांना क्षमा मागावी लागली होती. चित्रपटसंकेताचे विडंबन आणि माणसाची टवाळी यांमधील रेषा पुसट असते. ती ओळखणे हा विडंबनकाराच्या विवेकाचा भाग होय.

मर्यादा व महत्त्व : विडंबनपट परावलंबी असतो. मूळ चित्रपट विस्मृतीत गेला, की त्याचाही रस आटतो. मूळ जिवंत राहिले, तर विडंबनही टिकते. केवळ उल्लेखांवर विसंबणारे विडंबन लवकर शिळे होते, तर ज्याची पात्रे मुळाविनाही उभी राहतात, असे विडंबन स्वतंत्र कृती म्हणून पाहिले जाते. चित्रपटप्रकारांच्या इतिहासात विडंबन हे साचा परिपक्व झाल्याचे, पुष्कळदा तो जीर्ण होत असल्याचे चिन्ह मानले जाते. त्याच्या हसण्यामुळे साचा मोडतो व नव्या मांडणीला जागा होते.

विडंबनपटाचे सामाजिक महत्त्व यापलीकडचे आहे. चित्रपट हा मोठ्या भांडवलाचा व्यवसाय असून सामान्य माणूस त्यात सहसा केवळ ग्राहक असतो. विडंबन त्याला उत्तर देण्याचा अधिकार देते. मालेगावच्या सायकलस्वार दरोडेखोरांनी हा अधिकार अत्यल्प खर्चात बजावला. अशा स्थानिक निर्मिती बहुधा चुंबकीय फितींवर असतात व त्या फिती काही दशकांतच निकामी होऊ लागतात. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) यासारख्या संस्थांनी मान्यवर चित्रपटांइतकीच या हसऱ्या प्रतिचित्रपटांच्या जतनाचीही काळजी घेणे इष्ट आहे. कारण एखाद्या समाजाने कोणते चित्रपट डोक्यावर घेतले, याबरोबरच त्यांना तो कशासाठी हसला, हेही त्याच्या सांस्कृतिक इतिहासाचे साधन असते.